सपत्नीक

डोंगरकड्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यावर सोमेश्वरराव अडकिणे गॉगल लावून हसत होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘डोंगरकड्याचे भूषण, कृषिमित्र मा. श्री. सोमेश्वरराव अडकिणे यांचा सपत्नीक कॅरिबियन विदेश अभ्यास दौरा यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ शुभेच्छुक म्हणून समस्त मित्रमंडळ होतं, आणि मित्रमंडळाच्या फ्लेक्सचा मजकूर सोमेश्वररावांनी स्वतः लिहून दिला होता.

फोटोत एक गंमत झाली होती. मूळ फोटो जोडीचा होता. छापणाऱ्या पोराला सांगितलं होतं की एकट्याचा काढ. त्यानं काढला, पण सोमेश्वररावांच्या खांद्यावर बायकोनं ठेवलेला हात पूर्ण पुसला गेला नाही. चार बोटं तशीच राहिली, हिरव्या बांगडीच्या जराशा तुकड्यासकट. नाक्यावर बसणाऱ्या ग्यानोबानं ती बोटं सगळ्यांत आधी पाहिली आणि विचारलं, “हे कोण मागून धरून ठिवलंय ह्यांना?”

ग्यानोबाचा या दौऱ्यावर तसा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. “करीबियन म्हंता, म्हंजे करीबच असल की,” तो म्हणाला होता, “मंग दोन दिस इमानात काहून बसून राहिले?”

सोमेश्वररावांचं नाक्यालगत खत-बियाण्यांचं दुकान. गेल्या हंगामात त्यांनी एका कंपनीचं औषध एवढं खपवलं, की कंपनीनं त्यांना बक्षीस म्हणून परदेशी पाठवायचं ठरवलं. याआधी तालुक्यातले दुकानदार बँकॉकला जाऊन आले होते. एकेकटे. अभ्यासाला. काय अभ्यास केला ते कुणी घरी सांगितलं नाही, आणि कुणाच्या बायकोनं नवऱ्याची बॅग उघडताना काही बरं तोंड केलं नाही. म्हणून की काय, यंदा कंपनीनं बेत बदलला. कागदावर छापून आलं : ‘कॅरिबियन किनारा, संस्कृती आणि खाद्ययात्रा, चार रात्री पाच दिवस, सपत्नीक.’ देश कोलंबिया, गाव कार्ताहेना. बारा दुकानदार, बारा बायका.

सोमेश्वररावांनी गावभर पेढे वाटले. बायकोला ते ‘रुद्रची आई’ म्हणत, आणि रुद्र अन् त्याची धाकटी बहीण नांदेडला शिकायला गेल्यावरही तेच म्हणत. तिनं चटण्या, भाजलेला चिवडा, आठ दिवस टिकतील अशा दशम्या आणि घरच्या हळदीची एक पुडी बांधली. “हळद कशाला?” सोमेश्वररावांनी विचारलं. “असू द्या,” ती म्हणाली.

आता खरं काय झालं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेलात मेज मांडलं होतं. एका काचेच्या पेल्यात माशाचे कच्चे तुकडे, वर लिंबू पिळलेलं, कांदा चिरलेला. परभणीचा एक दुकानदार म्हणाला, “हे खायला छाती लागते.” सोमेश्वररावांना छाती दाखवायची संधी कुणी दिली आणि त्यांनी ती सोडली, असं आजवर झालेलं नाही. त्यांनी एक पेला खाल्ला. मग परभणीवाल्यानं टाळी दिली म्हणून दुसरा खाल्ला. पहाटे तीनपासून त्यांचा आणि हॉटेलच्या न्हाणीघराचा जो संसार सुरू झाला, तो परतीच्या आदल्या रात्रीपर्यंत टिकला.

बाकीचे तटबंदीचं जुनं शहर बघायला गेले, बाजारात गेले, होडीत बसले, एका बाईच्या घरी स्वयंपाक शिकायला गेले. सोमेश्वरराव न्हाणीघरातल्या फरशा मोजत होते. एकशे बारा भरल्या. त्यातली एक, नळाखालची, तडकलेली होती. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसे आणि दोरीवर वाळत घातलेले पांढरे टॉवेल. तीन दिवस त्यांनी बायकोच्या हातच्या दशमीचा कोपरा कोपरा चावला आणि मीठ-साखरेच्या पाण्यावर दिवस काढले.

रुद्रची आई पहिल्या दिवशी त्यांच्या उशाशी बसून राहिली. दुपारी तेच म्हणाले, “जाय तू. कंपनीनं पैसे भरलेत, वाया जायचे.” आणि ती गेली. तीन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी येताना तिनं डबाभर कसलंसं घट्ट, हिरवट कढण आणलं. ते नाक मुरडत प्याले आणि रात्रीपर्यंत पोट ठिकाणावर आलं. मग शेवटच्या दिवशी विमानाला निघण्याआधी तटबंदीजवळ एक फोटो काढला. तोच नाक्यावर लागला होता.

परतीच्या प्रवासात रुद्रची आई बोलत होती. बावीस वर्षांच्या संसारात ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. तीन विमानं बदलली, हिचं बोलणं चालूच. निळ्या दाराचं घर, डोक्यावर फळांच्या पाट्या घेऊन चालणाऱ्या बाया, नारळाच्या दुधातला भात, एल्विराबाई नावाची जाडजूड स्वयंपाकीण. सोमेश्वरराव अशक्तपणानं डोळे मिटून पडले होते. ती म्हणे, “झोपला का वो?” ते म्हणत, “नाही, सांग.” आणि खरंच ते ऐकत होते. अगदी मन लावून.

परत येऊन दुकान उघडलं त्या दिवसापासून त्या सगळ्या गोष्टी काउंटरवर आल्या. फक्त त्यातलं ‘मी’ बदललं. सोमेश्वरराव गिऱ्हाइकाला सोयाबीनची पिशवी देता देता सांगत, “मी त्या एल्विराबाईला म्हणलो, असं न्हाई, तेल आधी तापू द्या. केळ हिरवी पायजे, पिकेल चालत न्हाई. तळायची, दाबायची, पुन्हा तळायची. चव कशी? बराबर बटाट्यासारखी.” गिऱ्हाईक तोंडात बोट घाली. केळीच्या गावात कुणी केळीवर एवढं बोलेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

दुकानाच्या मागेच घर होतं आणि मधे फक्त एक पडदा. एकदा रुद्रची आई चहा घेऊन आली तेव्हा हेच चाललं होतं. तिनं कप ठेवला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “व्हय. तेल तापलं व्हतं.” आणि आत गेली. गिऱ्हाइकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोमेश्वररावांनी मात्र चहा तसाच ठेवून रस्त्यापलीकडे नजर टाकली.

कारण समोरच्या दुकानात रणजीत बसत होता. रणजीतचंही खत-बियाण्याचंच दुकान. दुकानदार संघटनेचं अध्यक्षपद यंदा रिकामं होतं आणि ते दोघांनाही हवं होतं. रणजीत बँकॉक करून आलेला, पण कॅरिबियनपुढे बँकॉक म्हणजे सेनगावला जीपनं जाऊन येण्यासारखं झालं होतं. सोमेश्वररावांच्या विदेश अभ्यासावर संघटना भाळली होती. गावात त्यांचा सत्कार करायचा आणि त्या मंडपातच नाव जाहीर करायचं ठरलं. एवढ्यात कुणाला कळलं असतं, की या अभ्यासूनं कार्ताहेनात एकशे बारा फरशांपलीकडे काही पाहिलं नाही, तर नुसतं अध्यक्षपद गेलं नसतं, पुढची दहा वर्षं नाक्यावरून जाताना प्रत्येक पोरानं ‘काका, पोट कसंय?’ म्हणून विचारलं असतं. आणि हे माहीत असलेलं डोंगरकड्यात एकच माणूस होतं.

सत्काराच्या आदल्या दिवशी ते भाषणाचे बारा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यांनी फोनवर सांगितलेलं आणि नेटवरून काढलेली माहिती जोडून रुद्रनं ते टाइप करून पाठवले होते.

“ते भातात काय घालतात म्हणली होतीस?”

“कुठल्या भातात?”

“नारळाच्या.”

“तुमी खाल्ला न्हाई का?” ती पोळी लाटत होती. तिनं वर पाहिलं नाही.

सोमेश्वररावांनी कागद गुंडाळले, पुन्हा उलगडले. “रुद्रच्या आई, हे बघ. घरातली गोष्ट घरात.”

“मी कुठं बाहेर नेली? ती तर काउंटरवरच गेली.” मग तिनं लाटणं ठेवलं. “एक बोलू का? उद्या दोन मिनिटं मला बोलू द्या. तुमच्या पोटाचं न्हाई काढत. फक्त एल्विराबाईचं सांगते. मी गेल्ती तिथं. माझ्या तोंडानं सांगावं वाटतं.”

तिच्या आवाजात विनवणी होती आणि ती सोमेश्वररावांना कळली, हे इथं नमूद केलं पाहिजे. पण त्यांना आपल्या अध्यक्षपदाची काळजी जास्त होती. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगं, बायांचं भाषण कुठं असतं का सत्कारात? लोक काय म्हणतील? आन् तुला माईक मिळणारच हाय की. उखाण्याला.”

तिनं लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग लाटणं उचललं. “बराबर हाय,” ती म्हणाली, “उखाणा असतोयच.”

सोमेश्वरराव हलक्या मनानं गोदामात गेले आणि खताच्या पोत्यांपुढे भाषणाची तालीम करू लागले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मारुतीच्या सभामंडपात गर्दी झाली. सूत्रसंचालनाला प्रज्ञेश सर होते. शाळेतले शिक्षक, आवाज खणखणीत, त्यामुळे बारशापासून तेराव्यापर्यंत पंचक्रोशीत माईक त्यांच्याच हातात असे. त्यांनी जाहीर केलं, “कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी आहेत आपल्या लाडक्या सरपंच पद्माबाई. त्यांचं अध्यक्षीय भाषण त्यांचे पती करतील.” कुणाला यात काही खटकलं नाही. पद्माबाईंनी नमस्कार केला, त्यांच्या पतीनं खिशातला कागद चाचपला.

फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला. रुद्रच्या आईला पद्माबाईंनी खणानारळानं ओटी भरली. आणि मग नेहमीप्रमाणे बायकांच्या बाजूनं आवाज उठला, “नाव घ्या! नाव घ्या!”

प्रज्ञेश सर हसत म्हणाले, “वहिनींनी आता उखाणा घ्यावा आणि मग आपण सत्कारमूर्तींचं मनोगत ऐकू. वहिनी, छोटासा चालेल.” त्यांनी माईक दिला.

रुद्रच्या आईनं पदर खांद्यावर सारखा केला. माईक दोन्ही हातांनी धरला. पहिली ओळ जराशी थरथरली.

“हळदीची पुडी बांधली पदरात,
दोन दिस, दोन राती बसले अधांतरी घरात.”

“वाऽ!” प्रज्ञेश सर म्हणाले आणि त्यांनी माईकसाठी हात पुढे केला. नाव आलंच नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला.

“खाली उतरले तर दर्याला नव्हता अंत,
बाया चालल्या पाट्या घेऊन, चाल त्यांची संथ.
गल्लीत एक घर, घराला निळं दार,
दारात उभी एल्विराबाई, गळ्यात मण्यांचा हार.”

सोमेश्वररावांनी घाईनं हातातले बारा कागद चाळले. एल्विराबाई त्यांच्या तिसऱ्या पानावर होती.

“हिरवी केळ सोलली, तेलात सोडली,
फळीखाली दाबली, चपटी करून काढली,
पुन्हा तेलात धाडली, मीठ लावून वाढली.”

हे चौथं पान. बायका पुढे सरकून बसल्या होत्या. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, “हे तर सोमेश्वरराव सांगत व्हते तेच.” दुसरा म्हणाला, “पण ह्या तर मी मी म्हणून राहिल्या.” प्रज्ञेश सरांनी घड्याळाकडे पाहिलं, सोमेश्वररावांकडे पाहिलं, आणि पुन्हा हळूच हात पुढे केला.

“हात मागं घे, मास्तर!” पहिल्या रांगेतून भिकाबाई ओरडली. भिकाबाई ऐंशीच्या पुढची, गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं तिनं पाहिलेली. “नाव येईस्तोवर उखाणा संपत न्हाई. मधी माईक काढला तर अपशकुन व्हतो.”

हा नियम डोंगरकड्यात सगळ्यांना ठाऊक होता. सोमेश्वररावांची स्वतःची आई लग्नाकार्यांत असा लांबण लावून उखाणा घ्यायची, की पंगतीतला वरणभात गार होई, आणि तरी कुणी ‘पुरे’ म्हणायचं नाही. ज्यांच्या नावासाठी सगळे थांबलेले असतात, त्या माणसाला तर तोंड उघडायची सोयच नसते. सोमेश्वररावांना हे सगळं काल आठवायला हवं होतं. आता त्यांना फक्त फेट्याखालून येणारा घाम जाणवत होता.

“नारळाच्या दुधात भात, त्यात गुळाचा खडा,
मी म्हणलं, बाई, माझ्या हळदीचा पडू द्या की सडा.
पिवळा झाला भात, पिवळे झाले हात,
एल्विराबाई हसली, तिचा पडला व्हता एक दात.”

मंडपात हशा पिकला. रुद्रच्या आईचा आवाज आता थरथरत नव्हता. ती कुणाकडे बघत नव्हती, मारुतीच्या गाभाऱ्याकडे तोंड करून सांगत होती.

“केळाचं कढण रांधलं, भरून दिला डबा,
कुणाला पाजलं, सांगत न्हाई, बसा की जरा, बाबा.”

रणजीत उभा राहिला. इतका वेळ तो तिसऱ्या रांगेत मान वाकडी करून ऐकत होता. आपल्या शत्रूचं बरं चाललेलं असताना माणसाचे कान किती तीक्ष्ण होतात, ते त्याच्याकडे पाहून कळत होतं. “वहिनी,” तो गोड आवाजात म्हणाला, “गेल्या तुमी, तळलं तुमी, रांधलं तुमी. मंग सोमेश्वरराव कुठं व्हते? आन् कढण कुणाला?”

“खाली बस!” भिकाबाई कडाडली. “उखाण्यात सवाल नसतो!”

रणजीत बसला, पण सवाल मंडपात उभाच राहिला. सोमेश्वररावांनी बायकोकडे पाहिलं. एक शब्द, फक्त एक शब्द, आणि संपलं. त्यांनी डोळ्यांनीच हात जोडले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“तिला माझी बोली येईना, मला तिची न्हाई,
खुणा करत बसलो दोघी चुलीपाशी, बाई.
बोटावर लेकरं मोजली, तिची चार, माझी दोन,
छातीवर हात ठिवून इचारलं तिनं, तू कोण?”

पद्माबाई खुर्चीत पुढे झुकल्या.

“अडकिण्यांची सून म्हणलं, तिला काई कळंना,
रुद्रची आई म्हणलं, तरी मान तिची हलंना.
इचार करत बसले मी, उलथनं धरून हातात,
कुणी इचारलंच नव्हतं की एवढ्या वर्सात.”

इथं ती थांबली. कुठून तरी एक मूल रडलं आणि त्याला कुणी तरी पटकन उगी केलं. मग तिनं माईक जरा वर घेतला.

“सोमेश्वररावांचं नाव घेते सगळ्यांचा मान राखून,
आन् मंजुळा माझं नाव, घ्या फ्लेक्सवर टाकून!”

सगळ्यांत आधी भिकाबाई हसली, बोळक्या तोंडानं, मांडीवर थाप मारून. मग बायकांनी ज्या टाळ्या वाजवल्या, त्या सत्काराला वाजल्या नव्हत्या. पद्माबाई तर खुर्चीवरून उठून वाजवत होत्या. मंजुळानं माईक प्रज्ञेश सरांच्या हातात दिला आणि आपल्या जागेवर जाऊन ओटीतला नारळ नीट करत बसली. सोमेश्वररावांच्या पोटाचं तिनं काढलं नव्हतं. काल कबूल केल्याप्रमाणे.

“आता सत्कारमूर्तींचं मनोगत,” प्रज्ञेश सर म्हणाले.

सोमेश्वरराव माईकपाशी आले. बारा पानं उघडली. पहिलं पान ‘मी’पासून सुरू होत होतं, दुसरंही. तिसऱ्या पानावर ‘मी एल्विराबाईंना म्हणालो’ असं होतं. ते आता वाचण्यासारखं राहिलं नव्हतं.

“आधी कढणाचं सांगा!” रणजीत बसल्या जागेवरून म्हणाला.

उत्तर तयार होतं. परभणीवाल्याचं नाव घेतलं असतं, तर तो काही परभणीहून धावत येणार नव्हता. सोमेश्वररावांच्या जिभेवर ते नाव आलंही. त्यांनी मंजुळाकडे पाहिलं. ती आता त्यांच्याकडेच बघत होती, नारळाची शेंडी बोटाला गुंडाळत. तिच्या तोंडावर ना राग होता ना विनवणी. आता हे कोणता ‘मी’ काढतात, एवढंच तिला बघायचं होतं. सोमेश्वररावांना आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, स्वतःची लाज वाटली.

“कढण मला व्हतं,” ते म्हणाले.

ग्यानोबा मागच्या रांगेतून उठून पुढे आला.

“पोट गेलं व्हतं माझं. तीन दिस. मी काही बघितलं न्हाई. हॉटेलच्या न्हाणीघरात एकशे बारा फरशा हायत, तेवढंच मला पक्कं माहीत हाय. बाकी जे सांगितलं ते मंजुळानं बघेल व्हतं.” हे नाव चारचौघांत त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं, आणि ते जरा अडखळतच आलं. “तिनं आता सांगितलं ते बराबर हाय. मी सांगितलं ते... तेबी बराबर हाय, पण ते माझं नव्हतं.”

पुढचा आवाज हशाचा होता. तो किती वेळ चालला हे कुणी मोजलं नाही, पण मंडपाबाहेर उभी असलेली ऑटोवाल्यांची पोरं आत धावत आली. ग्यानोबा डोळे पुसत म्हणाला, “करीबच व्हतं म्हणायचं! खोलीतच!” सोमेश्वरराव उभे होते. त्यांना वाटलं होतं धरणी दुभंगावी, पण धरणीला असल्या कामांसाठी वेळ नसतो. मग समारोपासाठी सरपंचपती कागद काढून उठले, तेव्हा पद्माबाईंनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं आणि स्वतः माईक घेतला. “सगळ्यांचे आभार,” त्या म्हणाल्या, “आन् चिवडा खाऊन जा.” एवढंच त्यांचं पहिलं भाषण. पण ते त्यांचं स्वतःचं होतं.

अध्यक्षपद त्याच संध्याकाळी रणजीतला गेलं. संघटनेनं कारण दिलं, की माणूस अनुभवी आहे, परदेश पाहिलेला आहे. त्याच्या दौऱ्याला साक्षीदार नव्हता, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण ठरला.

घरी मंजुळानं ताट वाढलं. ताटात वरणभाताशेजारी केळीच्या चपट्या, खरपूस तळलेल्या चकत्या होत्या, वर मीठ. “हे काय?” सोमेश्वररावांनी विचारलं. “तुमी कोलंबियात खाल्लेलं,” ती म्हणाली. त्यांनी एक चकती मोडली आणि तोंडात टाकली. आठ दिवस ते काउंटरवर सांगत होते, की चव बराबर बटाट्यासारखी. अजिबात तशी नव्हती. त्यांनी मान खाली घालून सगळ्या खाल्ल्या आणि आणखी मागितल्या.

सकाळी दुकान उघडायच्या आधी सोमेश्वरराव एक स्टूल आणि पोत्यांवर खुणा करायचा जाड मार्कर घेऊन नाक्यावर गेले. ग्यानोबा आधीच येऊन बसला होता. रणजीतचा फ्लेक्स दुपारपर्यंत याच चौकटीत लागणार होता, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते स्टुलावर चढले. आपल्या खांद्यावरच्या त्या चार बोटांजवळ त्यांनी मार्करनं एक बाण काढला. मग ‘मं’ लिहिलं, आणि थांबले.

“काय झालं?” ग्यानोबानं विचारलं.

सोमेश्वररावांनी खिशातून फोन काढला. बावीस वर्षांत लग्नाच्या पत्रिकेपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत हे नाव दहा ठिकाणी लिहिलं गेलं होतं, पण ते त्यांनी कधी स्वतःच्या हातानं लिहिलं नव्हतं. पलीकडे तिनं फोन उचलला.

“अगं, तुझ्या नावात जु पहिला का दुसरा?”

पलीकडे कढईत काहीतरी चुरचुरलं.

“पहिला,” मंजुळा म्हणाली. “आन् ते ‘सपत्नीक’ आधी खोडा.”